उजवीकडे जाणारा चेंडू

मुकेशला ती जागा मिळाली तर त्याचा फायदा किती, हे आधी मांडून घेऊ.

ठाण्याच्या पुढे एका गोल्फ क्लबात तो नऊ वर्षं कॅडी होता. कॅडी म्हणजे साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्याला लावून त्यांच्यामागून चालणारा, त्यांचा चेंडू कुठे पडला ते बघणारा आणि त्यावर काही न बोलणारा माणूस. रोजचं चालणं पंधरा किलोमीटर. आता क्लबात ट्रेनरच्या मदतनिसाची एक जागा निघाली होती. नवशिक्यांना काठी कशी धरायची, उभं कसं राहायचं, एवढंच शिकवायचं. म्हणजे चालणं बंद, ओझं बंद, 'ए कॅडी'च्या जागी 'सर'. पण हे सगळं किरकोळ. मुख्य फायदा म्हणजे त्या जागेबरोबर एक खोली मिळत होती. कॅडींच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ गडी झोपत. तिथे बायको आणायची सोय नव्हती. त्याची बायको रुपी गावी, साखरशेतलाच सासूजवळ राहायची. तिने बोटांवर हिशोब ठेवला होता: लग्नाला तीन वर्षं, त्यात नवरा घरी एकशे चौदा दिवस. त्यातले अकरा दिवस तो तापाने पडून होता, ते ती धरत नसे.

जागा एक आणि ती मागणारे कॅडी पाच. डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी पाचही जणांनी नऊ होल, म्हणजे नऊ खड्डे, खेळायचे, सगळ्यांत कमी फटक्यांत जो संपवेल त्याला जागा. ऑगस्टमध्ये कुणालाही विचारलं असतं तर त्याने मुकेशचं नाव घेतलं असतं. सप्टेंबरपासून त्याचं नाव घेताना लोक जरा इकडेतिकडे बघू लागले, कारण त्याला 'ते' लागलं होतं.

'ते' म्हणजे शँक. गोल्फच्या मैदानावर हा शब्द उच्चारत नाहीत. उच्चारला की लागतो म्हणतात. काठीला खाली लोखंडी पातं असतं आणि पातं जिथे दांड्याला जोडलेलं असतं तिथे एक गोल मान असते. चेंडू पात्याला लागायच्या ऐवजी त्या मानेला लागला की सरळ जायचं सोडून उजवीकडे, जवळपास काटकोनात, चोरासारखा पळतो. एकदा झालं तर हसण्यावारी नेतात. मुकेशचं दहात सहा वेळा होत होतं. त्याच्याशी बोलताना बाकीचे कॅडी दोन पावलं लांब उभे राहू लागले. खोडाळ्याचा धर्मेंद्र तेवढा जवळ बसायचा. त्याला भीती नव्हती असं नाही. मुकेश बाद झाला तर जागा आपलीच, हे त्याने ओळखलं होतं आणि ते मनात आणल्याची त्याला लाज वाटत होती, म्हणून तो जवळ बसायचा.

कापणीसाठी बारा दिवसांची सुट्टी घेऊन मुकेश साखरशेतला आला तो पाठीला सात नंबरची काठी बांधून. पिशवीत जुने चाळीस चेंडू आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पांढरे बूट. बूट क्लबच्या कॅप्टनसाहेबांनी दिले होते. मुकेश सहा वर्षं त्यांचीच पिशवी वाहायचा. पंधरा ऑगस्टला कॅडींच्या खेळात तो पहिला आला, तेव्हा साहेबांनी आपले बूट त्याच्या हातात ठेवले. म्हणाले, "डिसेंबरला हेच घालून खेळ." दोघांच्या पायाचं माप एक. मुकेशने ते दोन-तीन आठवडे घातलेच नाहीत. नुसते पुसून ठेवायचा.

सकाळी भाताच्या पेंढ्या झोडायच्या आणि दुपार कलली की घराखालच्या कापलेल्या खाचरात उतरायचं, असा त्याने क्रम लावला. खाचरात अजून ओल होती. तो बूट घालायचा, लेस बांधायचा, चेंडू ठेवायचा, मारायचा. चेंडू उजवीकडे. पुन्हा मारायचा. पुन्हा उजवीकडे. उजवीकडे त्याच्या काकाचं, बुध्याचं, घर होतं.

दुसऱ्या दिवशी बुध्या हातात दोन चेंडू आणि एक फुटलेलं कौल घेऊन आला.

"काय रं पोऱ्या, माझ्यावर कसाला राग?"

"काका, मी तिकडं मारतच नाय. मी समोरच्या सादड्याच्या झाडावर धरतो."

"सादडा तिथं हाय. माझा घर इथं हाय."

"तेच तं कळत नाय ना."

हे 'कळत नाय' साखरशेतला फार आवडलं. माणूस मारतो एकीकडे, चेंडू जातो दुसरीकडे, आणि माणूस दारू प्यालेला नाही. असं काही गावात बऱ्याच दिवसांत घडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बांधावर पंधरा माणसं येऊन बसली, सगळी डावीकडे. भात झोडायला बोलावलं तर ज्यांची कंबर दुखते, तीही आली होती.

नवसू गुरुजी खुर्ची घेऊन आले. ते जव्हारच्या बाजूला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी काठीने मातीत दोन बाण काढले आणि वाऱ्याचा दाब समजावून सांगितला. वारा पडल्यावरही चेंडू उजवीकडेच गेला, तेव्हा गुरुजींनी बाण पायाने पुसले आणि पृथ्वीच्या फिरण्याकडे वळले. एकाने सांगितलं, काठी वाकडी आहे. काठी हातोहात फिरली, सगळ्यांनी एक डोळा मिटून बघितली, सरळ निघाली. रुपी म्हणाली, नवऱ्याचं लक्ष नाही. मुकेशची आई कोंडी म्हणाली, त्याचं लक्ष फार आहे, तेच नडतं. मुकेशचं स्वतःचं म्हणणं वेगळं: सप्टेंबरात त्याच आठवड्यात काठीची मूठ नवीन बसवली होती, ती जाड झाली असावी. त्याने मूठ तासून बारीक केली. चेंडू बुध्याच्या पेंढ्याच्या गंजीत जाऊन बसला.

बुध्याचं मात्र वेगळंच चाललं होतं. हा माणूस पावसात खेकडे धरतो आणि रानडुकरं शेतात कुठून शिरली ते चिखलावरून सांगतो. सगळे चेंडूकडे बघत असताना तो मुकेशच्या पायाखाली बघत होता. मुकेश बाजूला झाल्यावर तो उकिडवा बसला आणि त्याने ओल्या मातीतल्या ठशात बोट घातलं.

"इकडं ये. ह्यो बघ. चवडा किती खोल गेलाय? आता टाच बघ. टाच हाय का?"

टाच जेमतेम होती. चवडा दोन बोटं खोल, टाच म्हणजे नुसती ओरखडल्यासारखी.

"असा ठसा कोणाचा असतो सांगू? उतारावरून खाली पळणाऱ्याचा. तू उभा हायेस का पळतो हायेस?"

"उभा हाय, काका."

"माती खोटा नाय बोलत. तू पुढं पडतोस."

मुकेश वाकून आपल्याच टाचेचा ठसा बघत राहिला. क्लबात नवशिक्यांना ट्रेनर हेच ओरडून सांगायचा, हे त्याने हजार वेळा ऐकलं होतं: वजन चवड्यावर गेलं की हात पुढे जातात, हात पुढे गेले की पात्याऐवजी मान चेंडूला लागते. फक्त ते आपल्याला लागू असेल हे त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याने टाचेवर जोर देऊन मारलं. दोन चेंडू बरे गेले. तिसरा बुध्याच्या दारात. टाचेवर राहायचं म्हणून सारखं मागे ओढावं लागत होतं, कुणीतरी पाठीमागून ढकलतंय तसं. ढकलतंय कोण, ते कळेना.

सहाव्या दिवशी झोडणी संपली, भात मोजून कणगीत गेलं आणि खळं मोकळं झालं. साखरशेतला सपाट म्हणावी अशी जागा एकच, ते खळं. मुकेशने आईला विचारलं, तिथे खेळू का. कोंडी सुपात भात पाखडत होती. वर न बघता म्हणाली, "खेळ." तो बूट घालून निघाला आणि खळ्याच्या कडेला पोचायच्या आत तिचा आवाज आला.

"पायतान काढ!"

"आये, भात तं कवाच उचलला. आता काय हाय तिथं?"

"खळा हाय. खळ्यावर पायतान घालून कोण जातो का? शहरात राहून बुद्धी तिकडंच ठेवलीस?"

"पण साहेबांनी सांगितलंय, बूट घालूनच..."

"तुझ्या साहेबाला मी सांगेन. पयले काढ."

यावर वाद होत नाही. ज्या जागेवर धान्य पडलं तिथे चप्पल जात नाही. रिकामी असली तरी नाही. मुकेशने चडफडत लेस सोडल्या, बूट कडेला ठेवले, अनवाणी शेणाने सारवलेल्या खळ्यावर उभा राहिला आणि मारलं.

चेंडू सादड्याच्या शेंड्यावरून सरळ गेला.

बांधावरच्या लोकांनी सवयीने उजवीकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. दुसरा सरळ गेला. पाचवा, नववा, बारावा सरळ गेला. गुरुजींनी खुर्ची जवळ ओढली. बुध्या घरातून बाहेर येऊन आपल्या कौलांकडे संशयाने बघू लागला.

आता मात्र साखरशेतने काम हातात घेतलं. असली गोष्ट अर्धवट सोडणारं ते गाव नव्हे. गुरुजींनी हुकूम सोडला: दहा चेंडू खळ्यावर अनवाणी, दहा खाचरात अनवाणी, दहा खाचरात बूट घालून. खळ्यावर दहाच्या दहा सरळ. खाचरात अनवाणी नऊ सरळ. बूट घालून सात उजवीकडे.

"म्हणजे खळ्याचा गुण नाही," गुरुजी म्हणाले, "आणि खाचराचा दोष नाही."

"बुटाचा," बुध्या म्हणाला.

"बुटाला काय झालंय?" मुकेश दुखावला. "साहेबांचे हायेत. चौदा हजाराचे."

"तू हे बूट पयल्यांदा कवा घातलेस?" रुपीने विचारलं.

तो आठवू लागला. आठवता आठवता त्याचा चेहरा बदलला. सप्टेंबरातला पहिला सोमवार. मूठ बदलली तोच आठवडा. मूठ तासून तासून त्याने निम्मी केली होती आणि बुटांवर रोज फडका मारला होता.

रुपीने एक बूट उचलला, आत हात घातला, खालचा मऊ तुकडा नखाने उचकला आणि ओढून काढला. त्याच्याखाली टाचेच्या जागी रबराची एक पाचर बसवलेली होती. मागे जाड, पुढे निमुळती. तिने दुसऱ्या बुटातूनही तशीच काढली. दोन्ही पाचरी तळहातावर घेऊन ती उभी राहिली आणि सगळं गाव तिच्या तळहातावर वाकलं.

"टाच दुखते म्हणून असेल," मुकेश घाईने म्हणाला.

"टाचदुखीचं इतकं जाड नसतं," गुरुजी म्हणाले. "हे उंचीसाठी. आमच्या इथे एक अधिकारी होते, ते घालायचे. बदली झाली तेव्हा सत्काराला बूट काढून स्टेजवर चढावं लागलं आणि सगळ्यांना कळलं." त्यांनी पाचरीवर बोट आडवं धरलं. "दीड इंच."

मुकेश खळ्याच्या कडेला बसला. टाच उंच लागते ती भारी बुटांची तऱ्हा, असं तो इतके दिवस समजत होता. साहेब तीन वर्षांपूर्वी क्लबचे कॅप्टन झाले. तीन वर्षांपासून साहेबांनाही 'ते' होतं. आधी ते कसे सुरेख खेळायचे, हे त्याने पाहिलं होतं. मग दोन कोच झाले, एक परदेशी काठ्यांचा संच झाला, कसलंसं ध्यान झालं. झाडीत शिरून त्यांचे चेंडू शोधताना मुकेशला दर वेळी वाटायचं, एवढ्या हुशार माणसाला हे का होतंय? त्याचं उत्तर आता बायकोच्या हातात होतं.

उरलेले दिवस तो पाचरी काढलेले तेच बूट घालून खेळला. लगेच सगळं सुधारलं असं नाही. अंगात बसलेली भीती पाचरीसारखी उपटून काढता येत नाही. मधूनच एखादा चेंडू बुध्याकडे जायचा. तसं झालं की मुकेश बूट काढून खळ्यावर जायचा, टाचा जमिनीला टेकल्यात हे पायांना पटवायचा आणि परत यायचा. दहाव्या दिवशी पन्नासात एक उजवीकडे गेला. बुध्या म्हणाला, "येवढा चालेल. सवय झालीय."

वाद झाला तो पाचरींचं काय करायचं यावर.

"परत दे," कोंडी म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू घरात नको."

"दे, पण नंतर," रुपी म्हणाली. "सोमवार होऊ दे. जागा तोच माणूस देणार ना? त्याला जाऊन सांगायचा की तू बुटका हायेस?"

"मी बुटका नाय सांगणार. चेंडू कसाला उजवीकडं जातो ते सांगणार."

"एकच झाला. आधी खोली, मग काय सांगायचा ते सांग. तोवर तोंड बंद ठेव, कॅडीचा कामच हाय तो."

रुपीचं चुकत नव्हतं. मुकेशने मान डोलावली, पाचरी कागदात गुंडाळल्या आणि खिशात ठेवल्या. सोमवारनंतर द्यायच्या, असं ठरवून तो खोडाळ्याहून गाडीत बसला.

मॅचच्या आदल्या दिवशी, रविवारी, साहेब खेळायला आले. नवे बूट, करड्या रंगाचे. मुकेश पिशवी घेऊन मागे. तिसऱ्या होलला साहेबांनी नेम धरला, काठी उचलली आणि चेंडू उजवीकडच्या झाडीत गेला. ते काठी हातात धरून, चेंडू जिथून उठला त्या जागेकडे बघत राहिले, औषध लागू न पडणारा माणूस पोटाकडे बघतो तसे. मुकेश झाडीत शिरला, चेंडू सापडला, बाहेर आला. साहेब अजून तसेच उभे होते.

त्याच्याने राहवलं नाही. त्याने चेंडूबरोबर कागदाची पुडीही पुढे केली.

"हे काय?"

"तुमचं आहे साहेब. बुटात राहिलं होतं."

साहेबांनी पुडी उघडली आणि लगेच मिटली.

"मला पण 'ते' लागलं होतं ना साहेब, सप्टेंबरपासून. हे काढलं आणि गेलं. याने माणूस पुढे पडतो. चवड्यावर येतो."

साहेबांनी मागेपुढे बघून घेतलं. मग हळू आवाजात, "कोणी बघितलं?"

"इथं कोणी नाही साहेब."

"आणि तिकडे?"

खोटं बोलायला ही चांगली जागा होती. पण मुकेशला खोटं ऐन वेळेला सुचत नाही.

"गावात सगळ्यांनी, साहेब. म्हणजे घरच्यांनी, काकांनी, गुरुजींनी. मग एक कुत्रं तोंडात धरून पळालं, तेव्हा राहिलेल्यांनी पण."

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पुडी खिशात टाकली. "पिशवी धर्मेंद्रला दे," एवढंच म्हणाले आणि खेळ अर्धा टाकून गाडीकडे चालू लागले.

मुकेशने रुपीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खोली गेली ना?"

"तसाच वाटतो."

"मला वाटलाच होता, तुला सोमवारपर्यंत धीर धरवणार नाय." आणि त्याच दमात, "जेवलास का?"

सोमवारी सकाळी पाचही कॅडी पहिल्या होलपाशी जमले. कॅप्टनने पहिला चेंडू मारून खेळ सुरू करायचा अशी क्लबची पद्धत. साहेब गाडीतून उतरले आणि चालत आले. कॅडी लोकांच्या नजरेतून काही सुटत नाही, ते त्यांचं पोट आहे. पाचही जणांनी एकदम पाहिलं: साहेबांच्या पँटच्या खालच्या कडा टाचेखाली येऊन दवात भिजत होत्या. पँट त्यांचीच होती. साहेब खाली आले होते.

साहेबांनी कोणाकडे बघितलं नाही. चेंडू ठेवला, दोन वेळा टाचा जमिनीत रुतवल्या आणि मारला. चेंडू मैदानाच्या मधोमध, तीन वर्षांत गेला नव्हता तसा, सरळ गेला. तो टप्पा खाऊन थांबेपर्यंत ते बघत राहिले. मग वळले.

"मुकेश, तुझी पाळी."

मुकेश चार होल नीट खेळला. पाचव्याला चेंडू उजवीकडे गेला. मागे कुणीतरी जीभ चावली. इथे बूट काढायची परवानगी नव्हती. त्याने डोळे मिटले, टाचा जमिनीवर दाबल्या, आई सुपात भात पाखडतेय असा आवाज मनात आणला आणि झाडीतून चेंडू बाहेर काढला. नवव्या होलला त्याचे एकूण फटके झाले एकोणचाळीस. धर्मेंद्रचे चाळीस.

साहेबांनी कागदावर सही केली, खोलीची किल्ली टेबलावरून पुढे सरकवली आणि विचारलं, "ते कुत्रं कोणाचं होतं?"

"बुध्याकाकांचं, साहेब."

"हं," साहेब म्हणाले.

जानेवारीत रुपी खोलीत राहायला आली. दिवस मोजणं तिने बंद केलं.

आता कोणी किती भरलं ते बघू. साहेबांनी दीड इंच भरला आणि अकरा पँटी शिंप्याकडे पाठवल्या. बदल्यात त्यांना सरळ चेंडू मिळाला, म्हणजे सौदा महाग नाही. कोंडीने सून दिली. आता घरात पाणी भरायला आणि चूल पेटवायला ती एकटी, पण हे तिने कोणाला बोलून दाखवलं नाही. बाकीचं सगळं धर्मेंद्रने भरलं. एका फटक्याने जागा गेली, आणि साहेबांची पिशवी मात्र त्याच्या खांद्यावर आली. झाडीत न सापडलेले साहेबांचे चेंडू संध्याकाळी शोधून विकायचे, हा त्यांच्या कॅडीचा तीन वर्षांचा वरकड धंदा होता. आठवड्याला वीस चेंडू कुठे गेले नव्हते. धर्मेंद्र आता त्यांच्यामागून रोज पंधरा किलोमीटर चालतो, आणि साहेबांचा एकही चेंडू हरवत नाही.